छपरी कट म्हणजे नक्की काय? केस त्यांचे, नाव ठेवणारे आपण

गेल्या महिन्यात माझा भाचा ठाण्यात घोडबंदर रोडला एका मोठ्या शोरूममध्ये इंटरव्ह्यूला गेला होता. काम गोडाऊनचं, माल उतरवायचा, स्कॅन करायचा, रॅकला लावायचा, गिऱ्हाईक समोर येतच नाही. पोरगा बारावी झालेला, रबाळे एमआयडीसीत दोन वर्षं पॅकिंगला काढलेली, म्हणजे काम येत होतं. आतल्या माणसाने कागद नीट बघितले पण नाहीत, सारखं डोक्याकडे बघत होता, पाच मिनिटांत "कळवतो" म्हणाला आणि हा दरवाजातून बाहेर पडतोय तोच मागून ऐकू आलं, "छपरी आहे यार". घरी येऊन चहा पण घेतला नाही, मला एवढंच विचारलं, "मामा, छपरी म्हणजे नक्की काय असतं?"

मला धड उत्तर देता आलं नाही, आणि ते मला लागलं. कारण हा शब्द रोज कानावर पडतो, रीलखाली कमेंटमध्ये, ट्रेनमध्ये, शाळेच्या ग्रुपवर, आणि बहुतेक वेळा तो पोरांच्या केसांकडे बघूनच वापरतात. तर आज अगदी पहिल्यापासून समजून घेऊ, हा कट काय आहे, आला कुठून, आणि त्याला एवढं वाईट का बोलतात.

आधी कट बघू

आमच्या किसननगरच्या सलूनमध्ये रविवारी सकाळी जाऊन बसा. भिंतीवर रेट लिहिलेत, साधा कट, दाढी, फेड, हायलाईट, फेस मसाज. "छपरी कट" असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि खुर्चीत बसून "काका, छपरी कट मारा" असं कुणी म्हणत पण नाही. म्हणजे या नावाचा कटच नाहीये, हे नाव बाहेरच्यांनी बाहेरून दिलेलं आहे, ही गोष्ट पहिली लक्षात घ्या.

लोक ज्याला छपरी कट म्हणतात त्यात साधारण असं असतं: कानाच्या वर आणि मानेमागे मशीन फिरवून एकदम बारीक, वर चार-पाच इंच केस ठेवलेले, पुढून कपाळावर सोडलेले नाहीतर जेल लावून उभे केलेले, बाजूला ब्लेडने एक-दोन लाईन मारलेल्या, आणि वरच्या केसांना तांबूस-पिवळा रंग. काही पोरं मागचे केस मानेवर लांब ठेवतात, त्याला मुलेट म्हणतात.

यात कारागिरी कुठे आहे ते बघायचं असेल तर सलूनवाल्या काकांचे हात बघा. मशीनला लावायच्या प्लास्टिकच्या कंगव्यांना नंबर असतात, एक नंबर म्हणजे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे ९-१०, चार म्हणजे १२-१३, आणि कंगवा काढून टाकला की झिरो. खाली झिरो आणि वर चार इंच केस असे सरळ ठेवले तर ते डोंगराच्या कड्यासारखं दिसतं, एकदम तुटलेलं. त्याला अंडरकट म्हणतात. आणि झिरो, एक, दोन, तीन असं चढत जाऊन कुठेही रेघ दिसू न देता वरच्या केसांना मिळवलं तर तो फेड. स्टेशनच्या पुलाचा जिना आणि रॅम्प यात जो फरक तोच. काका झिरोने सुरुवात करतात, मग एक लावून मनगट बाहेरच्या बाजूला वळवत वळवत वर नेतात, जिथे काळी रेघ उरते तिथे कंगवा धरून कैचीने टोकं उडवतात, मग नवीन ब्लेड मधून मोडून अर्धं वस्तऱ्यात टाकतात आणि कानामागची लाईन काढतात, शेवटी तुरटी. पस्तीस-चाळीस मिनिटं जातात. साधा कट पंधरा मिनिटांत होतो.

केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला साधारण ०.३५ मिलिमीटर. आता हिशोब करा, नऊ-दहा दिवसांत तीन-साडेतीन मिलिमीटर, म्हणजे एक नंबरचं दोन नंबर होतं आणि तो उतार पुसला जातो. म्हणून फेड ठेवणारा पोरगा दर दोन-तीन आठवड्यांनी सलूनमध्ये दिसतो. हे आळशी माणसाचं कामच नाही, हे मी मुद्दाम सांगतोय कारण "काम ना धंदा" हे यांच्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येतं.

हा आला कुठून?

लोकांना वाटतं हे सगळं मोबाईलवरून आलं, पण ही गोष्ट फार जुनी आहे.

१८७० ते १८९० च्या दशकांत इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि सॅलफर्डच्या गिरणी वस्त्यांत पोरांच्या टोळ्या होत्या, त्यांना स्कटलर म्हणायचे. गिरणीत, कारखान्यात राबणारी पोरं, पायात पितळेची टोकं असलेले लाकडी बूट, आणि डोक्याला मागून-बाजूने बारीक पण पुढून कपाळावर लांब झुलपं. मारामाऱ्या करायचे हे खरंय, पण त्या केसांवरून कुणालाही स्कटलर ठरवायचे हेही तेवढंच खरं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंडरकटची ओळखच गरिबीशी जोडली गेली, कारण बाजूचे केस वर मिळवून देणारा चांगला न्हावी परवडत नाही त्याचा कट असा तुटक राहतो असं मानायचे. पहिल्या महायुद्धात खंदकांत उवांचा सुळसुळाट झाला म्हणून सैनिकांचे केस मागून-बाजूने बारीक ठेवायचे, आणि इलेक्ट्रिक मशीन पण त्याच सुमाराची, अमेरिकेत लिओ वॉलने १९१९ च्या आसपास ते आणलं. फेड अमेरिकन सैन्यातून पुढे आला आणि १९८० च्या दशकात तिथल्या काळ्या वस्त्यांतल्या न्हाव्यांनी त्याची कला केली.

आणि मग तोच कामगार पोरांचा अंडरकट २०१० नंतर फुटबॉलपटूंच्या डोक्यावर आला, बर्मिंगहॅमच्या जुन्या टोळीवरची ब्रिटिश सिरीयल २०१३ ला आली त्यातून पसरला, आणि बँकेतल्या, आयटीतल्या लोकांनी तो हौसेने मारून घेतला. त्यांना कुणी स्कटलर म्हटलं नाही.

आपल्याकडचा प्रवास तुम्हाला माहितीच आहे. २००३ ला ‘तेरे नाम’ आला आणि गल्लीगल्लीत मधून भांग आणि कपाळावर दोन्ही बाजूंनी केस, वडीलधारे वैतागलेले. मग धोनी. खरगपूरला रेल्वेत टीसी म्हणून नोकरी केलेला रांचीचा मुलगा खांद्यापर्यंत केस घेऊन आला, आणि २००६ ला लाहोरला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी त्याला केस कापू नकोस असं सांगितलं. तोपर्यंत लांब केस म्हणजे वाया गेलेला, त्यानंतर काही दिवस लांब केस म्हणजे धोनी. केस तेच होते.

सगळ्यात जवळचं उदाहरण मला चीनचं वाटतं. ग्वांगडोंग प्रांतात डोंग्वान नावाचं कारखान्यांचं शहर आहे, २००० नंतरच्या दशकात खेड्यांतून आलेली हजारो कोवळी पोरं-पोरी तिथे लाईनवर कामाला लागली. त्यांनी केस असे उभारले की स्फोट झाल्यासारखे, जांभळे, लाल, हिरवे. स्वतःला नाव घेतलं ‘शामाते’, ते ‘स्मार्ट’ या इंग्रजी शब्दाचंच चिनी रूप. शहरी लोकांनी इंटरनेटवर त्यांची इतकी टर उडवली, त्यांच्या ग्रुपमध्ये घुसून शिव्या दिल्या, रस्त्यात पकडून मारलं सुद्धा, की बहुतेकांनी केस कापून टाकले. २०१९ मध्ये ली यिफान नावाच्या कलाकाराने त्यांच्यावर डॉक्युमेंटरी केली तेव्हा कुठे लोकांना कळलं की ही बारा-बारा तास मशीनवर उभी राहणारी, घर सोडून आलेली मुलं होती. डोंग्वान आणि आपला ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा, नाव बदललं तर बरंच सारखं आहे.

तो रंग तसाच का होतो?

"ते तांबडे केस बघूनच कळतं" असं म्हणतात ना, तर त्यामागे साधी केमिस्ट्री आहे. आपल्या केसांत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, दोन प्रकारचं, एक काळं-तपकिरी आणि एक लालसर-पिवळं. ब्लीचमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड केसाच्या आत जाऊन आधी काळं फोडतं, लालसर जास्त चिवट, ते मागे राहतं. म्हणून काळा केस उजळताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा असाच जातो, मधली स्टेशनं चुकत नाहीत. पिवळ्यापर्यंत पोचायला ब्लीच दोनदा-तीनदा लावावं लागतं आणि मग वर टोनर मारून तो भगभगीतपणा घालवायचा असतो.

आता तीनशे-चारशे रुपयांत ब्लीच एकदाच होतं, टोनर नाही, म्हणून पोरगा नारिंगी स्टेशनवर उतरतो. हिरानंदानीसारख्या पॉश वस्तीतल्या सलूनमध्ये काही हजारांत गाडी शेवटपर्यंत जाते, त्याला वेगळं नाव असतं आणि लोक विचारतात कुठून केलं. म्हणजे ज्या रंगाला आपण ‘टेस्ट नाही’ म्हणतो तो रंग खरं तर अर्धवट राहिलेली प्रक्रिया आहे, आणि ती पैशामुळे अर्धवट राहिलीय.

एवढे पैसे केसांवरच का?

हा प्रश्न माझी बहीण पण विचारते. मी भाच्याच्या एका दिवसाचा हिशोब मांडला. कंपनीत कंपनीचा टी-शर्ट, कंपनीचे बूट, गळ्यात कंपनीचं कार्ड. डिलिव्हरी केली तर ॲपचा टी-शर्ट आणि ॲपची बॅग. सिक्युरिटीला लागला तर एजन्सीचा ड्रेस. घरात दहा बाय बारात पाच माणसं, स्वतःचं कपाट नाही. मग त्याचं स्वतःचं असं काय उरलं? बाईक हप्त्यावरची, ती पण भावाच्या नावावर. डोकं. दीडशे रुपयांत स्वतःच्या मर्जीने बदलता येईल अशी त्याच्याकडे ती एकच जागा आहे, आणि नाही आवडलं तर महिन्याभरात पुन्हा वाढते.

आणि तो रविवार. ठाण्याच्या लोकांना हे माहीत असायला पाहिजे असं मला फार वाटतं. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म १८४८, आपल्या ठाण्यात. त्यांनी १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच १८९० मध्ये त्यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. म्हणजे बघा, कुणाच्या डोक्यावर किती केस असावेत हे दुसऱ्यांनी ठरवायचं, ते न पाळणाऱ्याला नावं ठेवायची, आणि वस्तरा हातात असलेल्या माणसाने "नाही" म्हणायचं, हे सगळं इथे एकदा होऊन गेलंय. विधवांवरचा अन्याय आणि एका पोराची नोकरी या सारख्या गोष्टी नाहीत, तसं मला म्हणायचंच नाही. पण केस कधीच फक्त केस नसतात हे त्यातून कळतं. आज बरीच सलून रविवारी भरलेली आणि सोमवारी बंद असतात, त्या खुर्चीत बसलेल्या पोराला तो वार लोखंड्यांनी मिळवून दिलाय.

मग ‘चांगली टेस्ट’ कोण ठरवतं?

इथे एकच जड शब्द वापरतो, सांस्कृतिक भांडवल. पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेला विचार आहे. भांडवल म्हणजे फक्त पैसा नाही, तर कसं बोलायचं, काय घालायचं, कुठल्या गोष्टीला नाक मुरडायचं हे पण भांडवलच आहे, ते घरातून मिळतं आणि इंटरव्ह्यूत, लग्नात, सोसायटीच्या गेटवर वटवता येतं. आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचीच आवड ‘चांगली’ ठरते, बाकीच्यांची ‘चीप’.

नाचणीची भाकरी आठवा. आमच्या लहानपणी कुणी डब्यात नाचणी आणली की काळी भाकरी म्हणून चिडवायचे, तांदळाची-गव्हाची आणणारा वरचा. आता तीच नाचणी पाकिटात, तिप्पट भावात, ‘हेल्दी’ म्हणून, आणि तुर्भे स्टोअरच्या झोपडीत जी बाई ती पहिल्यापासून खाते तिला कुणी हेल्दी म्हणत नाही. भाकरी बदलली नाही, खाणारा बदलला. अंडरकटचं मँचेस्टरपासून बँकेपर्यंत जे झालं ते तेच आहे.

आणि तो शब्द

छपरी. छप्पर म्हणजे गवताचं, पाल्याचं, पत्र्याचं आच्छादन. आपल्या राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत छप्परबंद नावाचा समाज आहे, छप्पर शाकारणारे. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला, त्याखाली पुढे देशभरातल्या अशा कितीतरी समाजांना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, हजेरी, झडती, गाव सोडायला परवानगी, तो कायदा १९५२ ला रद्द झाला तेव्हा कुठे ते ‘विमुक्त’ झाले. आता तुम्ही छपरी हा शब्द त्या समाजापासून जोडा नाहीतर सरळ छपराखाली राहणाऱ्यापासून जोडा, दोन्ही बाजूंनी बोट एकाच ठिकाणी जातं, डोक्यावर स्लॅब नसलेल्या माणसाकडे. केसांवरून दिलेली शिवी मुळात घरावरून आहे.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पण आपलं पण पत्र्याचंच आहे ना."

"आम्ही केसांना नाही, वागण्याला म्हणतो"

हे उत्तर मला सगळ्यात जास्त मिळतं आणि त्यात थोडं तथ्य आहे. उपवन तलावाला रात्री सायलेन्सर काढून गाड्या पळवणारे, पोरींच्या मागे हॉर्न मारणारे आहेत, मी स्वतः भांडलोय त्यांच्याशी. त्यांना नियम लावा, गाडी जप्त करा, तक्रार करा. पण मोठ्या कारमधून तोच प्रकार करणाऱ्या, नीट भांग पाडलेल्या मुलाला आपण छपरी म्हणत नाही, त्याला ‘श्रीमंत बापाचं पोर’ म्हणतो. म्हणजे शब्द वागण्याला लावलेलाच नाहीये. आणि माझ्या भाच्याने त्या ऑफिसात काय वागणूक केली होती? खुर्चीत बसायच्या आधी "बसू का सर" विचारलं होतं.

"मग शाळेत, कामावर काहीही चालवायचं का?"

नाही ना. जिथे कारण आहे तिथे नियम असावाच. खाण्याच्या पॅकिंगला केस जाळीत पाहिजेत, फिरत्या मशीनजवळ लांब केस मोकळे नकोच, त्यात जीव जातो. रबाळ्याला भाचा दोन वर्षं टोपी घालून उभा होता, तिथे त्याचे केस कुणाला दिसले पण नाहीत आणि कामात काही अडलं नाही. शाळेने बारीक केस सांगितले तर पालकांना आधी सांगावं, सगळ्यांना सारखं सांगावं. पण वर्गात सगळ्यांसमोर कैची घेऊन मुलाचे केस वेडेवाकडे कापायचे याला शिस्त म्हणत नाहीत, तो अपमान आहे आणि मूल तो जन्मभर विसरत नाही. माझ्या वर्गातल्या एकाचे असे कापले होते, पुढच्या सोमवारपासून तो आला नाही, आता नाक्यावर रिक्षा लावतो आणि आजही तो विषय काढला की मान फिरवतो.

"केसांची वाट लागते त्याचं काय?"

ही काळजी बरोबर आहे आणि पोरांनी ऐकावी. स्वस्तातलं ब्लीच एकाच महिन्यात दोनदा लावलं की केस काथ्यासारखे होतात, तुटतात, टाळू भाजते. काळ्या रंगात, आणि बाजारात मिळणाऱ्या काळ्या मेंदीत, बहुतेक वेळा पीपीडी नावाचं केमिकल असतं, काहींना त्याने चेहरा सुजतो, श्वासाला त्रास होतो. म्हणून कानामागे थोडं लावून ४८ तास थांबायचं, खाज आली, लाल झालं तर तो रंग लावायचाच नाही. सलूनवाल्याला अर्धं ब्लेड समोर मोडायला सांगायचं, आधीच लावलेलं नको. यात लाजायचं काही नाही, चांगले काका स्वतःच दाखवतात.

भाच्याला आता तुर्भ्याला एका वेअरहाऊसमधून फोन आलाय, गुरुवारी बोलावलंय. बहीण म्हणते सगळं साफ करून जा, मशीन मारून टाक. मी म्हटलं रंग राहू दे की नको ते तू ठरव, माझं काही म्हणणं नाही. त्याने मागच्या मागच्या रविवारी कट केला होता, गुरुवारी अकरा दिवस होतील, म्हणजे एक नंबरचं दोन नंबर होऊन गेलेलं असेल, तो काल रात्री आरशात मान वाकडी करून कानामागे बोट फिरवत होता आणि मला विचारत होता, बुधवारी कामावरून आल्यावर साइडचं परत मिळवून घेऊ का. घे म्हटलं, पैसे मी देतो.